मेणवलीला येण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईत घर असले की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे, त्यांच्या मित्रांचे आणि त्या मित्रांच्या शेजाऱ्यांचे निरोप वर्षभर येत राहतात. विचारणारी माणसे वेगळी असली तरी प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे पुन्हा दिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेणवली नेमके कुठे आहे? वाईच्या घाटालाच मेणवलीचा घाट म्हणतात का?

नाही, आणि हा गोंधळ फार जणांचा होतो. मेणवली हे सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यातले कृष्णाकाठचे छोटे, स्वतंत्र गाव आहे; पेशवाईतले कारभारी नाना फडणवीस यांचा वाडा आणि त्यांनी बांधलेला घाट यांसाठी ते ओळखले जाते. ते वाई शहरापासून धोमच्या रस्त्याने सुमारे ३ किलोमीटरवर लागते. वाई शहरात कृष्णेवर जे सात घाट सांगितले जातात (भीमकुंड, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी आणि धर्मपुरी), ते वेगळे. ढोल्या गणपतीचे देऊळ त्यांपैकी गणपती आळीच्या घाटावर आहे, मेणवलीत नाही. गणपतीचे दर्शन घेऊन, दोन छायाचित्रे काढून ‘मेणवली पाहिली’ असे सांगणारे पाहुणे आम्हाला दरवर्षी भेटतात. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने क्रम लावायचा तर आधी धोमचे धरण, मग मेणवली आणि मग वाई असा तो लागतो. हा क्रम लक्षात ठेवल्यास पुढची बरीच उत्तरे सोपी होतील.

२. पुण्याहून किंवा मुंबईहून कसे यायचे? स्वतःची गाडी नसेल तर जमेल का?

पुण्याहून सातारा महामार्गाने निघावे, खंबाटकी घाट ओलांडल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळावे आणि वाईत यावे. पुणे ते वाई हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. साताऱ्याकडून किंवा कोल्हापूरकडून येणाऱ्यांना पाचवड फाटा सोयीचा पडतो. वाई गावात शिरल्यावर धोमचा रस्ता विचारावा, कारण नकाशा पाहून चालणाऱ्या गाड्या कधी कधी बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत अडकतात.

गाडी नसेल तरी काही अडत नाही. स्वारगेटहून वाईला एसटी आहे, शिवाय महाबळेश्वरला जाणाऱ्या पुष्कळ गाड्या वाईवरूनच जातात. वाई बसस्थानकाबाहेर रिक्षा मिळते; मात्र परतीचे आधीच बोलून घ्यावे, कारण मेणवलीत रिक्षाथांबा असेलच असे धरून चालू नये. थंडीच्या दिवसांत वाईहून पायी येणेही सुखाचे आहे, पाऊण तास पुरतो. रेल्वेने यायचे असल्यास पुणे-मिरज मार्गावरची वाठार आणि सातारा ही स्थानके जवळची आहेत, पण दोन्हीकडून पुढे रस्त्यानेच यावे लागते. ज्यांना रेल्वेचीच आवड आहे त्यांनीच तो खटाटोप करावा.

३. महाबळेश्वरला जाता जाता अर्ध्या तासात मेणवली होईल का?

होईल, पण मग न थांबलेलेच बरे. वाड्यातले चौक, घाट, दोन देवळे आणि घंटा एवढे नीट पाहायला किमान दोन तास हवेत. घाटावर नुसते बसायचे असेल, आणि ते बसणे हाच इथे येण्याचा अर्धा हेतू आहे असे आमचे मत आहे, तर अर्धा दिवस काढावा. सकाळी लवकर पोहोचल्यास उन्हाची तिरीप घाटाच्या पायऱ्यांवर असते, गावातल्या बाया धुण्याला आलेल्या असतात आणि सहलींच्या गाड्या अजून यायच्या असतात.

४. कोणत्या महिन्यात यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पाऊस नुकताच सरलेला असतो, शेतांत ऊस आणि हळद उभी असते, पांडवगडाचा डोंगर अजून पुरता करपलेला नसतो आणि दुपारीही पायऱ्यांचा दगड पोळत नाही. वाई तालुक्यातली हळद नावाजलेली आहे. जानेवारीनंतर काढणी सुरू झाली की शिजवलेल्या हळदीचा वास रस्त्याने जातानाही येतो, आणि ज्याने तो घेतला नाही त्याला पुडीतली हळद कितीही हुंगून त्याची कल्पना येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर यावे. पावसाळ्यात गाव देखणे दिसते, पण घाट पूर्ण पाहायला मिळेलच असे नाही; त्याचे कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

५. नाना फडणवीसांचा मेणवलीशी संबंध काय? ते मूळचे इथलेच का?

नानांचे, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू यांचे, मूळ गाव कोकणातले वेळास. तेच वेळास, जे आता समुद्री कासवांसाठी ओळखले जाते. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला, आणि पेशव्यांचे फडणीस म्हणून त्यांचे बहुतेक आयुष्य पुण्यात गेले. मेणवली त्यांच्याकडे आली ती इनाम म्हणून. १७६८ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून त्यांना हे गाव मिळाले, आणि पुढच्या काळात त्यांनी इथे वाडा, घाट आणि देवळे बांधून गावाला आकार दिला.

पानिपतावरून १७६१ मध्ये जीव वाचवून परतलेला एकोणीस वर्षांचा तरुण, त्यानंतर सात वर्षांनी मिळालेले हे गाव, आणि १७७४ च्या बारभाईंच्या कारस्थानानंतर जवळजवळ पाव शतक त्याच माणसाच्या हाती राहिलेला दौलतीचा कारभार, असा काळ डोळ्यांपुढे ठेवून वाडा पाहिला तर तो वेगळा दिसतो. पुण्याच्या राजकारणात ज्याला क्षणाची उसंत नव्हती त्याने नदीच्या वळणावर हे विश्रांतीचे ठिकाण उभारले, पण तिथे राहायला त्याला फारसे मिळाले नाही. नाना १३ मार्च १८०० रोजी पुण्यातच गेले.

‘फडणीस’ की ‘फडणवीस’, असेही विचारले जाते. दोन्ही रूपे प्रचारात आहेत आणि दोन्हींचा अर्थ हिशेबाचे दप्तर सांभाळणारा अधिकारी असाच आहे.

६. वाड्यात काय पाहावे? सगळा वाडा पाहता येतो का?

वाडा सहा चौकांचा आहे, पण सगळे चौक आणि सगळी दालने पाहुण्यांसाठी खुली नसतात. जेवढे दाखवले जाते तेवढे बारकाईने पाहावे. बाहेरून वाडा जवळजवळ गढीसारखा वाटतो: उंच भिंती, मोजक्या खिडक्या, भक्कम दरवाजा. आत पाऊल टाकले की चौकाचा उजेड, त्याभोवतीच्या सोप्यांतले लाकडी खांब, तुळया आणि पायऱ्यांच्या अरुंद जिन्यांची रचना दिसते. जिन्यांच्या पायऱ्या उंच आहेत आणि वळणे काळोखी आहेत. लहान मुलांचा हात धरावा.

वरच्या दालनांतली भित्तिचित्रे चुकवू नयेत. पौराणिक प्रसंगांची ही चित्रे ओल आणि काळ यांमुळे ठिकठिकाणी पुसट झाली आहेत, तरी रंगांची मांडणी अजून कळते. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटे द्यावीत. मोबाइलचा दिवा जवळून भिंतीवर मारू नये, आणि बोट तर मुळीच लावू नये. नानांच्या वापरातला म्हणून एक पलंगही दाखवला जातो. मार्गदर्शक सांगतील त्या कथांपैकी कोणत्या कागदावर आहेत आणि कोणत्या तोंडी चालत आलेल्या आहेत, हे विचारायला संकोच करू नये. चांगला माणूस असेल तर तो स्वतःच फरक करून सांगतो.

वाड्याच्या मागच्या बाजूने थेट घाटाकडे जाता येते. शक्य असल्यास याच वाटेने उतरावे. वाडा आणि नदी यांचा संबंध बांधणाऱ्याने कसा जुळवला होता, ते या वाटेने उतरताना कळते. बाहेरून वळसा घालून गेल्यास तो हातून निसटतो.

७. वाडा सरकारी आहे का? शुल्क आणि वेळ काय?

वाडा खासगी मालकीचा असून तो नानांच्या वंशजांकडे आहे. त्यामुळे संग्रहालयासारखे पक्के वेळापत्रक गृहीत धरू नये. पाहण्यासाठी प्रवेशशुल्क घेतले जाते. सुटे पैसे जवळ ठेवावेत. दिवसाउजेडी, शक्यतो सकाळी, यावे. घरगुती कार्य, दुरुस्ती किंवा चित्रीकरण यांमुळे वाडा एखाद्या दिवशी बंद असू शकतो. अशा वेळी काय करावे ते प्रश्न २० मध्ये सांगितले आहे. ‘आम्ही एवढ्या लांबून आलो’ हे वाक्य दारावरच्या माणसाने हजारदा ऐकलेले असते, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नये.

८. पुण्यातला नाना वाडा आणि हा वाडा एकच का?

नाही. तो शनिवारवाड्याजवळ आहे आणि नानांचे पुण्यातले राहते घर होते.

९. ‘मेणवली दप्तर’ वाड्यात पाहायला मिळते का? आमच्या घराण्याचा उल्लेख शोधायचा आहे.

मिळत नाही, कारण ते आता इथे नाही. नानांच्या संग्रहातले मोडी कागद मेणवलीच्या वाड्यात राहिले होते, म्हणून इतिहासकार त्यांना मेणवली दप्तर म्हणतात. साताऱ्याचे इतिहाससंग्राहक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहात ते गेले, आणि १९३९ मध्ये साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयाबरोबर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. तिथे अभ्यासकांना रीतसर अर्ज करून कागद पाहता येतात.

घराण्याचा शोध घेणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. आडनाव घेऊन गेल्यास काही हाती लागत नाही, कारण त्या काळच्या कागदांत माणसे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि हुद्दा यांनी ओळखली जातात. तेवढी माहिती आधी जमवावी आणि मोडी वाचता येणारे कुणी सोबत न्यावे.

१०. घाटाचे एवढे कौतुक कशासाठी? घाट तर सगळीकडे असतात.

घाट सगळीकडे असतात, पण हा घाट नदीच्या वळणाबरोबर वळतो. काळ्या दगडाच्या पायऱ्या चंद्रकोरीसारख्या पाण्याला कवेत घेत उतरतात, त्यामुळे एका टोकाला बसलेल्या माणसाला दुसऱ्या टोकाचा माणूस समोर दिसतो. सरळ रेषेत बांधलेल्या घाटावर हा अनुभव येत नाही. काठावर मेणेश्वर महादेवाचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे आहेत. पायथ्याशी दगडी बांधकाम आणि वर चुन्याविटांचे शिखर ही पेशवेकालीन धाटणी इथे स्वच्छ दिसते.

अठराव्या शतकातल्या बांधणाऱ्यांनी पुराचा विचार किती केला होता, हे समजून घ्यायचे असेल तर मेणवलीबरोबर वाईचे ढोल्या गणपतीचे देऊळही पाहावे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर आपटून दोन बाजूंना फुटावे, अशी ती योजना आहे. मूर्तीपुढच्या रांगेत उभे राहून परतणाऱ्यांना ही भिंत दिसतच नाही. देवळाला वळसा घालून नदीच्या बाजूला जावे.

११. महादेवाच्या देवळापाशी मेरी आणि येशू यांची आकृती असलेली घंटा कशी आली? ती वाजवता येते का?

चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला. त्या प्रांतातल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या गेल्या आणि वेगवेगळ्या देवस्थानांना दिल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा यांचीही अशीच परंपरा सांगितली जाते. मेणवलीची घंटा पंचधातूची आहे, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे, आणि तिचे वजन सुमारे ६५० किलो सांगतात. ती देवळालगतच्या छोट्या दगडी घुमटीत टांगलेली आहे.

एका चाणाक्ष वाचकाने विचारले होते, की वसई १७३९ ची आणि नानांचा जन्म १७४२ चा, मग घंटा नानांनी कशी आणली? प्रश्न रास्त आहे. मेणवली नानांकडे आली तीच मुळी १७६८ मध्ये, म्हणजे वसईनंतर जवळजवळ तीस वर्षांनी. तेव्हा घंटा रणांगणावरून थेट इथे आली नाही, मधली वर्षे ती दुसरीकडे कुठेतरी असणार, एवढे साल मांडले की उघड होते. ‘नानांनी वसई जिंकून घंटा आणली’ असे कुणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

वाजवण्याबद्दल: देवळात शिरताना घंटा वाजवायची सवय असते म्हणून हिचाही लोलक हलवून पाहण्याचा मोह होतो. तीनशे वर्षांच्या धातूवर तो भागवू नये. सहलीतल्या चाळीस मुलांनी एकेकदा वाजवायची ठरवल्यास काय होते, ते घाटाशेजारी राहणाऱ्यांना विचारावे.

१२. नदीत उतरता येईल का? मुलांना पोहायचे आहे.

पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायला हरकत नाही. पोहायला आम्ही नाहीच म्हणतो. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, त्यामुळे पाय घसरून होणारे अपघात उथळ पाण्यातही होतात. पायऱ्या संपल्यावर तळ कुठे अचानक खोल होतो ते वरून कळत नाही. गावातली मुले सूर मारताना दिसतील, पण त्यांना या डोहाची खोली लहानपणापासून ठाऊक आहे, तुमच्या मुलांना नाही. शॅम्पू-साबण लावून आंघोळ करू नये. घाटाखाली लगेच वाई आहे आणि नदी तीच आहे.

१३. इथे पाऊस नसताना पाणी एकदम कसे वाढते?

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते. वाईपासून महाबळेश्वर जेमतेम ३२ किलोमीटरवर आहे, पण तिथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाईत त्याच्या काही अंशानेच. त्यामुळे मेणवलीत ऊन पडलेले असताना वर डोंगरात धो धो पाऊस चालू असणे ही पावसाळ्यातली रोजची गोष्ट आहे. हे पाणी आधी धोमच्या धरणात साठते. धरण भरत आले की दरवाजे उघडून विसर्ग सुरू करतात, आणि मग धरणाखालचे पहिले मोठे घाट मेणवलीचेच असल्याने पायऱ्या भराभर पाण्याखाली जातात.

म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात येताना धोम धरणातून विसर्ग सुरू आहे का, एवढे त्या दिवशीच्या बातम्यांत पाहून निघावे. नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिलेला असेल तर वाडा पाहावा, नदी वरूनच पाहावी आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे राहून छायाचित्र काढण्याचा हट्ट करू नये. धरणातून शेतीसाठी पाणी सोडतात तेव्हा उन्हाळ्यातही पातळी बदलू शकते. घाटावर चपला आणि पिशव्या खालच्या पायरीवर ठेवून फिरायला जाऊ नये, असे सांगण्यामागचे कारण तेच आहे.

१४. ‘स्वदेस’ चित्रपटातले गाव हेच का? त्यातले घर आणि टपाल कार्यालय कुठे आहे?

हो, २००४ च्या त्या चित्रपटातल्या गावाचे पुष्कळसे चित्रण मेणवलीत झाले. कथेतले गाव मात्र उत्तर प्रदेशातले दाखवले आहे, त्यामुळे पडद्यावर जे दिसले ते शोधत फिरल्यास निराशा पदरी पडते. देखावे उभारले जातात आणि काम झाले की उतरवले जातात. घाट आणि वाड्याचा परिसर तेवढा ओळखीचा वाटेल. घराघराच्या दारात जाऊन ‘हेच का ते घर’ असे विचारू नये. वीस वर्षे तेच ऐकून लोक कंटाळले आहेत, जरी सौजन्याने उत्तर देतात.

१५. लग्नापूर्वीचे छायाचित्रण करायचे आहे. ड्रोन चालेल का?

वाड्याच्या आत कॅमेरा नेण्यापूर्वी आणि विशेषतः व्यावसायिक छायाचित्रणासाठी मालकांची परवानगी घ्यावी. त्यासाठी वेगळे शुल्क लागू शकते. घाटावर चित्रीकरण करायचे असल्यास ग्रामपंचायतीत आधी विचारावे. ड्रोनला देशभर लागू असलेले ड्रोन नियम, २०२१ इथेही लागू आहेत, आणि त्याशिवाय घाटावर धुणी धुणाऱ्या किंवा आंघोळ करणाऱ्या बायकांच्या डोक्यावर यंत्र फिरवणे हा नियमांच्या पलीकडचा असभ्यपणा आहे. कपडे बदलायला देवळाचा सभामंडप वापरू नये. रंगीत धुराच्या नळकांड्या आणू नयेत, दगडावर त्यांचे डाग राहतात. घाटावर कुणाचे दहाव्याचे विधी चालू असतील तर काम थांबवून बाजूला व्हावे. हे सांगायची वेळ येते, म्हणून लिहिले आहे.

१६. जेवण, मुक्काम आणि स्वच्छतागृह यांची सोय काय?

गाव लहान आहे, त्यामुळे या तिन्हींसाठी वाईवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे. वाईत साध्या खाणावळींपासून लॉजपर्यंत सर्व काही आहे, आणि पाचगणीच्या मानाने दर सोसवतात. घाटावर डबा खायचा असल्यास उष्टे आणि कागद परत न्यावेत. पाणी घरून भरून आणावे. स्वच्छतागृहाचे काम वाईतच आटोपून निघावे, विशेषतः सोबत वयस्क माणसे किंवा लहान मुली असतील तर.

१७. आईच्या गुडघ्याला त्रास आहे. तिला आणता येईल का?

आणता येईल, मात्र तिने काय पाहायचे ते आधी ठरवावे. वाड्याचा वरचा मजला उंच पायऱ्यांमुळे (प्रश्न ६) सोडून द्यावा. खालच्या चौकात बसायला जागा असते. घाटाच्या पायऱ्या रुंद आहेत, पण कठडा सगळीकडे नाही. देवळांच्या पातळीपर्यंत सावकाश उतरता आले तरी नदी आणि समोरचा काठ दोन्ही दिसतात, त्याखाली उतरण्याची गरज नाही. चाकाच्या खुर्चीसाठी मात्र ही जागा सोयीची नाही.

१८. मेणवलीबरोबर आणखी काय पाहता येईल?

पहिली पसंती धोमला द्यावी, कारण रस्ता तोच आहे. धरण बहुतेकांना ठाऊक असते. गावातले नृसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ ठाऊक नसते. तिथे कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासव आहे आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदी बसला आहे. कुंडात पाणी असते तेव्हा कासव नंदीला घेऊन तरंगत असल्याचा भास होतो, आणि तोच शिल्पकाराचा हेतू असावा.

वाचनाची आवड असलेल्यांनी वाईत प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय कुठे आहे ते तरी पाहून जावे. १९१६ मध्ये नारायणशास्त्री मराठे यांनी स्थापन केलेली पाठशाळा आणि तिथूनच घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे, मराठीतला सर्वांत मोठा ज्ञानकोश पुण्या-मुंबईत नव्हे तर कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावात तयार झाला. पाचगणीजवळचे भिलार, म्हणजे मे २०१७ पासूनचे ‘पुस्तकांचे गाव’, याच्याशी जोडून घेता येते. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलात तर सिडने पॉइंटवरून धोमचे पाणी आणि वाईचे खोरे वरून दिसते. सकाळी आपण बसलो होतो ती जागा शोधण्याचा खेळ मुलांना आवडतो.

परतीच्या वाटेवर साताऱ्याकडे जाणार असाल तर लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर पाहावी. कास पठार मात्र त्याच दिवसात कोंबू नये.

१९. पांडवगड मेणवलीहून चढता येतो का?

येतो. गावामागचा डोंगर म्हणजेच पांडवगड. उंची सुमारे १२७० मीटर. चढायला दोन ते अडीच तास धरावेत आणि पाणी भरपूर घ्यावे, कारण वाटेवर सावली कमी आहे. गडावर पांडवजाईचे देऊळ आणि खडकात खोदलेली टाकी आहेत. गडाचा काही भाग खासगी मालकीचा असल्याने तिथल्या सूचनांचा मान ठेवावा. वाटेला फाटे पुष्कळ आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गावातला माहीतगार सोबत घ्यावा आणि त्याच्या दिवसभराच्या कामाचे पैसे आधी ठरवून द्यावेत. वाडा, घाट आणि गड एकाच दिवशी करायचे असल्यास गड पहाटे करावा आणि घाटावर दुपारनंतर यावे. उलट क्रमाने जाणारे बहुधा अर्ध्या वाटेवरून परततात.

२०. आम्ही पोहोचलो आणि वाडा बंद निघाला. आता काय?

घाट आणि देवळे यांना कुलूप नसते, तेव्हा प्रश्न १० आणि ११ मधले सारे तरीही पाहता येते. फक्त मागच्या वाटेऐवजी गावातून वळसा घालून उतरावे लागते. मग धोमला जाऊन यावे. तोवर वाडा उघडला असेल तर बरेच. वाड्यासाठीच आलेल्या अभ्यासकांनी मात्र आधी निरोप पाठवल्याखेरीज येऊ नये.

२१. कोणते दिवस टाळावेत, आणि कोणते मुद्दाम निवडावेत?

मे महिन्यातले आणि दिवाळीच्या सुटीतले शनिवार-रविवार महाबळेश्वरच्या गर्दीमुळे नकोसे होतात. वाईत शिरायलाच तास लागतो. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीची यात्रा असते, तेव्हाही तीच गत. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनमध्ये भैरवनाथाचे बगाड निघते. कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून शेतांमधून बैलांनी ओढत आणलेला तो अवाढव्य लाकडी गाडा आणि शिडाला टांगलेला बगाड्या, म्हणजे नवस फेडणारा भाविक, ज्यांना पाहायचा आहे त्यांनी तो दिवस मुद्दाम निवडावा, पण त्या दिवशी मेणवलीचा बेत ठेवू नये. थंडीच्या दिवसांत वाईच्या घाटाघाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला देवी मानून तिची मूर्ती बसवतात, कीर्तने होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. पाहुण्याला कुणी पानावर बसायचा आग्रह केला तर बसावे.

२२. अस्थिविसर्जन किंवा कन्यागताचे स्नान मेणवलीत केले तर चालते का?

नदी एकच असल्याने शास्त्राची अडचण कुणी सांगणार नाही, पण धार्मिक विधींसाठी पुरोहित, साहित्य आणि जागा यांची सोय वाईच्या घाटांवर आहे, तिथेच जावे. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा, म्हणजे साधारण दर बारा वर्षांनी, कृष्णेचे कन्यागत पर्व असते आणि वाईला मोठी गर्दी होते. मागचे कन्यागत २०१६ मध्ये सुरू झाले, तेव्हा पुढचे २०२८ मध्ये येईल. त्या वर्षी केवळ वाडा पाहायला येणाऱ्यांनी पर्वाचे मुख्य दिवस पंचांगात पाहून ते सोडून यावे, आणि स्नानाला येणाऱ्यांनी राहण्याची सोय बरीच आधी करून ठेवावी.